आईचा गुडघा डाउनलोड होतो

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. जपूनरावांचं तोंड आयुष्यात कधी पोळलं नव्हतं, कारण ते दूध, ताक आणि साधं पाणीसुद्धा पहिल्यापासून फुंकूनच पीत आले होते. नोकरी विमा कंपनीत, दाव्यांच्या विभागात. दिवसभर समोरच्या कागदांवर कोणी न्हाणीघरात घसरलेलं, कोणी शिडीवरून पडलेलं, कोणी गॅस चालू ठेवून बाजारात गेलेलं. असल्या वाचनावर पोसलेला माणूस घराचं कुलूप ओढून पाहतो, जिना उतरतो आणि पुन्हा वर येऊन तेच कुलूप ओढतो, यात नवल नाही. 'जपूनराव' हे नाव इमारतीने त्यांना चेष्टेने दिलं होतं. त्यांना मात्र ती पदवी वाटायची, आणि मिळालेली पदवी कोणी परत करत नाही.

त्यात कंपनीने त्यांना 'इंटरनेटचा सुरक्षित वापर' या विषयाच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. पाठवायचं दुसऱ्याच कोणाला तरी होतं, पण बाकी सगळ्यांना कामं होती. परत येताना जपूनराव प्रमाणपत्र घेऊन आले. ते बैठकीच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या बरोबर वर, लग्नाच्या फोटोच्या जागी लागलं आणि लग्नाचा फोटो आतल्या खोलीत गेला. तिथे धूळ कमी बसते, असं जपूनरावांचं म्हणणं होतं. बायको यावर काहीच बोलली नाही. बायको काही बोलत नाही तेव्हा नेमकी कोणती काळजी घ्यावी, हे त्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

अशा या सुरक्षित घरात जपूनरावांची आई गुडघ्याचं ऑपरेशन करून राहायला आली होती. आई शिवणकाम करायची. डोंगराच्या पायथ्याशी तिचं स्वतःचं घर, पुढच्या खोलीत पायमशीन, आणि गावातल्या शाळेचे झाडून सगळे गणवेश तिच्या हातचे. शाळा उघडायला आली होती. कापड तिकडे येऊन पडलं होतं आणि शिवणारी इकडे मुलाच्या घरी उशीवर पाय ठेवून बसली होती, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला होता.

ऑपरेशननंतरचे व्यायाम शिकवणाऱ्या हॉस्पिटलातल्या बाईंनी गुडघा वाकवून पाहिला आणि त्या खूश झाल्या. "रविवारी जा खुशाल. मशीनही चालवा. फक्त व्यायाम रोज व्हायला हवेत, आणि आमच्या व्हिडिओत दाखवलेत तसेच. मनाने काही करायचं नाही. व्हिडिओ जवळ नसेल तर मी सोडणार नाही बरं का."

"आमच्याकडे ते इंटरनेट येत नाही हो," आई म्हणाली. "डोंगर आडवा येतो. फोनवर बोलायचं तरी अंगणाच्या टोकाला उभं राहावं लागतं."

"मग डाउनलोड करून न्या. पेन ड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीला लावा. त्यासाठी काय करायचं ते मी..."

"मी करतो," जपूनराव उठत म्हणाले. बाईंचं वाक्य अर्धं राहिलं होतं. पण ज्याच्या भिंतीवर प्रमाणपत्र आहे त्याने अशी वाक्यं पूर्ण ऐकायची नसतात.

थोडक्यात, व्हिडिओ उतरला तर आई रविवारी जाणार आणि नाही उतरला तर राहणार, असा सरळ हिशेब होता.

जपूनरावांनी कामाला सुरुवात केली ती टेबल पुसून. मग हात धुतले. मग हॉस्पिटलच्या पानावर जाऊन व्हिडिओ लावून पाहिला, कारण आपण काय डाउनलोड करतो आहोत याची आधी खात्री करावी, हा पहिला नियम. पडद्यावर त्याच बाई दिसल्या. "पाठीवर झोपा. टाच हळूहळू सरकवा. गुडघा छातीकडे घ्या. धरून ठेवा. सोडा." मागे दिवाणावर बसलेली आई लगेच आडवी झाली आणि टाच सरकवू लागली.

"आई, मी नुसतं तपासतोय."

"तू तपास की. बाई सांगताहेत आणि आपण ढिम्म बसायचं, हे बरं दिसत नाही."

पानावर डाउनलोडचं बटण नव्हतं. तळाशी बारीक अक्षरांत 'रुग्णांनी प्रतीसाठी विभागाशी संपर्क साधावा' असं होतं, पण ते अडाण्यांसाठी असणार असं जपूनरावांनी गृहीत धरलं. थोडी शोधाशोध केल्यावर त्यांना कुठलाही व्हिडिओ फुकट उतरवून देणारी एक साइट सापडली. तिथे डाउनलोडची बटणं होती, आणि ती एक नव्हे तर पानभर होती. काही हिरवीगार, काही लुकलुकणारी, एक तर थरथरत होतं. भडक दिसेल ते दाबू नका, हे जपूनरावांना प्रशिक्षणात घोटून शिकवलं होतं. त्यांनी सगळी बटणं नीट निरखली आणि कोपऱ्यातलं एक करड्या रंगाचं, खाली मान घालून उभं असलेलं, सोज्वळ बटण निवडलं. माणसं पारखतानाही ते याच कसोटीने पारखत, आणि ऑफिसात त्यांना आजवर ज्यांनी ज्यांनी गंडवलं ते सगळे स्वभावाने सोज्वळच होते.

फाइल आली. व्हिडिओच्या मानाने ती फारच लहान होती आणि तिच्या नावाची शेपटी व्हिडिओची नव्हती, प्रोग्रामची होती. इथे थांबायला हवं होतं. पण पडद्यावर एक चौकट आली आणि तिने 'आपण सुरक्षितपणे पुढे जाऊ इच्छिता का?' असं विचारलं. कोणी इतक्या अदबीने आणि त्यातही 'सुरक्षितपणे' म्हणून विचारल्यावर जपूनरावांच्याने नाही म्हणवेना. त्यांनी हो म्हटलं.

व्हिडिओ आला नाही. त्याऐवजी कॉम्प्युटर सुरू केला की पडद्याच्या कोपऱ्यात एक हसरा, दाट केसांचा गृहस्थ येऊ लागला आणि 'केस गळतात का?' असं विचारू लागला. जपूनरावांचे केस तिशीतच संपले होते, त्यामुळे प्रश्नाला तसा उशीरच झाला होता. त्याला फुलीवर टिचकी मारून घालवलं की तो दुसऱ्या कोपऱ्यात उगवायचा.

संध्याकाळी बायको दुसऱ्या दिवशीच्या तासाची टिपणं काढायला बसली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने त्या गृहस्थाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं.

"हे कोण?"

"तात्पुरते आहेत," जपूनराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बातमी समोरच्या दाराला लागली. समोर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांना कोणतीही अडचण सांगितली की ते आधी 'आ करा' म्हणाल्यासारखे पुढे वाकतात. "कीड आहे," ते पडद्याकडे पाहून म्हणाले. "एका दाताला लागली की शेजारच्याला लागते. तुमचा अँटिव्हायरस मवाळ आहे. माझ्याकडे एक कडक आहे. मित्राने दिलाय, फुकट आहे. थांबा, आणतोच."

फुकटची, मित्राच्या मित्राकडून आलेली वस्तू घरात घ्यायची नाही, हाही नियम होता. पण इंटरनेटवरचा अनोळखी माणूस वेगळा आणि दात काढून देणारा शेजारी वेगळा. त्यांच्या खुर्चीत आपल्याला पुन्हा कधीतरी तोंड उघडून बसायचं आहे, हा विचार करून जपूनराव गप्प राहिले. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी डॉक्टरांची पेन ड्राइव्ह आत गेली.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. जुन्या अँटिव्हायरसने नव्याला चोर ठरवलं आणि नव्याने जुन्याला. दोघं एकमेकांना पकडून कोठडीत टाकत होते आणि कोठडीतून सुटून पुन्हा पकडत होते. कॉम्प्युटर तापला, त्याचा पंखा घरघरू लागला, माउस हलवला की बाण सावकाश, पेन्शनीतल्या माणसाच्या चालीने निघायचा. केसवाला गृहस्थ मात्र दोघांच्याही तावडीत सापडला नाही. तो आरामात हसत होता.

जपूनराव दर थोड्या वेळाने हॉस्पिटलचा व्हिडिओ लावून बघत, म्हणजे निदान तो तरी जागेवर आहे ना याची खात्री होई. तो लागला की आई दिवाणावर आडवी व्हायची. आता तो अडकत अडकत चाले. बाई 'धरून ठेवा' म्हणायच्या आणि तिथेच गोठायच्या. आई पाय छातीशी धरून शांतपणे वाट बघायची. "आज बाईंनी फार वेळ धरायला लावलं," ती म्हणायची. "पण मोकळं वाटतंय."

गुरुवारी संध्याकाळी कॉम्प्युटरने कहर केला. जपूनराव आणखी एका साइटची तपासणी करत असताना पडदा लालभडक झाला, भोंगा वाजू लागला आणि एक बाई करड्या आवाजात सांगू लागली, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. खालील क्रमांकावर ताबडतोब फोन करा."

जपूनराव उठून उभे राहिले. हा धडा प्रशिक्षणात झाला होता, जसाच्या तसा. हे भामटे असतात, त्या नंबरवर फोन करायचा नाही, घाबरायचं नाही, कशालाही हात न लावता जबाबदार व्यक्तीला कळवायचं. जपूनराव घाबरले नाहीत. त्यांनी कशालाही हात लावला नाही. घरातली जबाबदार व्यक्ती तेच होते, तेव्हा त्यांनी स्वतःला कळवलं आणि पुढच्या सूचनेची वाट बघत उभे राहिले.

भोंगा ऐकून जिन्यातली दारं उघडली. आग लागली असावी अशा समजुतीने सोसायटीचे सेक्रेटरी वाळूची बादली घेऊन आले. दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या मागून वरच्या मजल्यावरचे एक्सचेंजकाका आले. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, आणि जगातल्या बहुतेक भानगडी खराब जोडणीमुळे होतात असं त्यांचं मत होतं.

"कोणीही त्या नंबरवर फोन करू नका," जपूनराव म्हणाले.

"करायलाच पाहिजे," एक्सचेंजकाका म्हणाले. "आवाजावरून मी सांगतो लाइन कुठली आहे ते." आणि त्यांनी खिशातून फोन काढून नंबर फिरवलासुद्धा.

पलीकडच्या भामट्याने गोड बोलायला सुरुवात केली, पण काकांनी त्याला फार बोलू दिलं नाही. तो कोणत्या एक्सचेंजवरून बोलतो आहे हे विचारलं. मग पूर्वी ट्रंक कॉल कसा लागायचा, एका वादळात सगळे खांब पडले तेव्हा काकांनी एकट्याने काय केलं, आणि हल्लीच्या मुलांना तार जोडता येत नाही हे कसं दुर्दैव आहे, ते सविस्तर सांगितलं. भामट्याने दोनतीनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. शेवटी त्यानेच फोन ठेवला. "कटली लाइन," काका हळहळून म्हणाले. "चांगलं ऐकत होता."

इतका वेळ भोंगा चालूच होता. बायको कॉलेजातून आली, बूट न काढता आत आली, तिने भिंतीतला प्लग ओढला आणि शांतता पसरली. सेक्रेटरींनी, आता बादली आणलीच आहे तर, सोसायटीच्या पुढच्या सभेत 'रहिवाशांच्या कॉम्प्युटरमुळे होणारा ध्वनित्रास' हा विषय घेणार असल्याचं जाहीर केलं. जाताना सगळ्यांच्या नजरा एकेक करून भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे गेल्या. तेव्हा जपूनरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण दुसऱ्या मजल्यावर तीही सोय नव्हती.

शुक्रवारी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदाराने तो सुरू केला, केसवाला हसत वर आला, दुकानदाराने मान न वळवता "यांना ओळखतो मी, रोज येतात" म्हटलं आणि सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल असं सांगितलं. आतलं काही ठेवायचं आहे का? नव्हतं. आतल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत जपूनरावांच्या कपाटात होती, एक ऑफिसच्या खणात आणि एक सासुरवाडीला. बायकोची वर्षभराची टिपणं जशीच्या तशी परत आली. "हे मात्र तुमचं बरं असतं," ती म्हणाली. त्या आठवड्यात जपूनरावांना मिळालेलं हे एकमेव चांगलं वाक्य, त्यामुळे त्यांनी ते मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं.

शनिवारी सकाळी कॉम्प्युटर परत जागेवर आला, स्वच्छ आणि रिकामा. आई स्वयंपाकघरात उभी राहून भाजी चिरत होती. काठी दाराच्या मागे होती. जपूनराव पुन्हा टेबल पुसू लागले, तसं बायकोने फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि त्यांना आतल्या खोलीत बोलावलं.

"हॉस्पिटलातल्या बाईंना फोन करायला आठवडाभर काय अडलं होतं?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कशाला त्रास? मी स्वतः..."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला तुमचा अहंकार ठाऊक आहे, पण तो एवढा नाही. दोन दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारता. या वेळी विचारलं नाहीत."

जपूनराव पलंगाच्या कडेवर बसले. बसताना कमरेत काहीतरी लचकल्यासारखं झालं, आठवडाभर त्या खुर्चीत वाकून बसल्याचा परिणाम. 

"ती तिथे एकटी असते," ते म्हणाले. "न्हाणीघर मागच्या अंगणात आहे. ओली फरशी. फोन लागत नाही. मी रोज अशाच फरशा वाचतो गं. अमुक वयाची स्त्री, एकटी राहणारी, शेजाऱ्यांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मी त्यावर शिक्का मारतो आणि डबा खायला जातो."

बायको त्यांच्या शेजारी बसली. तिचा राग गेला होता, पण तिने तसं दाखवलं नाही. "मग हे आईंना सांगा. कॉम्प्युटरला काय सांगत बसलाय?"

जपूनरावांनी आईला सांगितलं नाही. त्यांनी हॉस्पिटलात फोन लावला, आणि एका परिचितांच्या मातोश्रींच्या गुडघ्याविषयी चौकशी करायची आहे, असं आवाज थोडा जाड करून म्हणाले.

"तुम्ही त्या शिवणकामवाल्या आजींचे चिरंजीव ना?" बाई म्हणाल्या. "अहो, मी फोनची वाटच बघत होते. त्या दिवशी सांगत होते तर तुम्ही निघूनच गेलात. पेशंटसाठी फाइल आमच्याकडेच ठेवलेली असते. आमच्याच पानावरून घ्यायची, इकडेतिकडे शोधत बसू नका. पासवर्ड सांगते, लिहून घ्या."

फाइल चहा निवायच्या आत उतरली. जपूनरावांनी तिच्या नावाची शेपटी पाहिली, अँटिव्हायरसकडून तपासून घेतली, पेन ड्राइव्हवर चढवली, आणि मग ती टीव्हीला लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालते की नाही ते बघायला बसले. आई नेहमीप्रमाणे दिवाणावर आडवी झाली. तिची मान टीव्हीकडे नव्हे, भिंतीकडे वळलेली होती. बाई 'टाच सरकवा' म्हणायच्या आत तिची टाच सरकत होती, बाई 'सोडा' म्हणायच्या आत ती सोडत होती. जपूनराव टीव्हीकडे बघायचं विसरून आईकडे बघत राहिले. तिला आता कोणीही थांबवू शकणार नाही हे त्यांना कळलं. ते पाणी प्यायला उठले.

रविवारी गाडी खाली येऊन उभी राहिली. बायको पिशव्या घेऊन पुढे उतरली. आईची बॅग जपूनरावांनी उचलायची होती. ते दाराबाहेर वाकले, बॅगेला हात घातला, आणि कंबर जी धरली ती धरलीच. त्यांना वर होता येईना आणि खाली बसता येईना.

"हलू नकोस," आई म्हणाली. तिने त्यांचा दंड धरून त्यांना आधी गुडघ्यावर आणि मग जिन्याच्या चौकातच पाठीवर निजवलं. समोरचं दार किलकिलं झालं. दातांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि प्रसंगावधान राखून दार लावून घेतलं.

"टाच सरकव," आई म्हणाली. "हळूहळू. आता गुडघा छातीकडे घे. पाठीलाही हेच चालतं, बाईंना विचारून घेतलंय मी."

"आई, तुझी गाडी..."

"थांबेल. दुसरा पाय तसाच राहू दे." तिने हातपिशवीतून पेन ड्राइव्ह काढली आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातली. "ही तूच ठेव. मला सगळं पाठ झालंय. इतक्या वेळा लावलास की गणवेश शिवतानासुद्धा आठवेल."

जपूनराव गुडघा धरून छताकडे बघत होते. उताण्या अवस्थेत माणसाला मानमरातब राहत नाही, त्यामुळे बोलणं जरा सोपं जातं. "आई, तिथलं ते मागचं न्हाणीघर. ती फरशी."

"खरबरीत करून घेतली की मागच्याच वर्षी. दांडाही बसवलाय धरायला. आणि पलीकडची रोज सकाळी दूध घालायला येते, दार उघडलं नाही तर आरडाओरडा करेल." आईने त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. "तू कधी विचारलंच नाहीस."

जपूनरावांनी गुडघा छातीकडे आणखी ओढला.

"आता असाच धरून ठेव," आई बॅग उचलत म्हणाली. "खाली गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं की मग सोड. तोवर नाही."

ती जिना उतरू लागली. काठी वरच राहिली होती. जपूनराव पाय छातीशी धरून तिची पावलं ऐकत होते. एक पाऊल, दुसरं पाऊल, सारख्या अंतराने, कुठेही न अडखळता. मधल्या चौकात ती कोणाशी तरी दोन शब्द बोलली, हसली आणि पुन्हा उतरू लागली. मग खालून बायकोचा आवाज आला, बॅग ठेवल्याचा आवाज आला.

गाडीचं दार लागलं. जपूनरावांनी ते स्पष्ट ऐकलं. पाय मात्र त्यांनी सोडला नाही.